चाचणी रोग्यापर्यंत गेली पाहिजे

(कनेरगाव नाका येथे वर्षावासानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षावासाच्या काळात आपण विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करतो आणि त्या निमित्ताने समाजाच्या प्रश्नांवरही चार शब्द बोलतो. संस्थेने मला ही संधी दिली याबद्दल मी तिचा आभारी आहे. आजचा माझा विषय काहींना विहारात बोलण्यासारखा वाटणार नाही. सुईने नशा करणाऱ्या माणसांना एचआयव्हीची चाचणी सहज मिळाली पाहिजे, आणि ती मिळावी म्हणून आपल्यासारख्या संस्थांनी हातभार लावला पाहिजे, हा तो विषय आहे. ज्यांनी पंचशील ग्रहण केले त्यांनी नशेबाजांची चिंता का करावी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. तो प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर मी शेवटाकडे देणार आहे, पण आधी वस्तुस्थिती पाहू.

आपले गाव मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरचे. गावाच्या नावातच नाका आहे. रस्त्याने आणि रेल्वेने माणसे येथून सारखी ये-जा करतात. आपली कितीतरी मुले दहावी-बारावीनंतर मुंबई, पुणे, नाशिककडे कामाला जातात. कोणी बिगारी म्हणून, कोणी वॉचमन म्हणून, कोणी ट्रकवर क्लिनर म्हणून. आपल्याकडे व्यसन म्हटले की दारू, गुटखा, गांजा एवढेच डोळ्यांसमोर येते. पण शहरात गेलेला मुलगा शहरातल्या सर्वच गोष्टींना सामोरा जातो. म्हणून मुंबईचा प्रश्न हा केवळ मुंबईचा राहत नाही.

साधारण १९८० नंतर मुंबईत ब्राउन शुगर म्हणजे गर्द पसरू लागली. त्यावरूनच ‘गर्दुल्ला’ हा शब्द मराठीत आला. शब्द किती सहज रुळला पाहा! एकदा माणसाला गर्दुल्ला म्हटले की तो कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, कोणत्या गावचा, हे विचारण्याची गरजच उरत नाही. डॉ. अनिल अवचट यांनी या विषयावर ‘गर्द’ हे पुस्तक लिहिले, आणि त्यांनी व डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे त्याला साहाय्य होते. महाराष्ट्राने या माणसांकडे रुग्ण म्हणून पाहायला सुरुवात केली, त्यात मुक्तांगणचा वाटा मोठा आहे.

गर्द प्रथम पन्नीवर जाळून तिचा धूर ओढतात. पुढे शरीराला सवय होते, तेवढ्याच पुडीने भागत नाही आणि खिशात पैसे नसतात. मग काहीजण सुईकडे वळतात, कारण थोडा माल शिरेत घेतला तर तीच नशा येते. गरिबीच माणसाला सुईकडे ढकलते, हे ध्यानात घ्यावे. आणि तीच गरिबी त्याला दुसऱ्याची सुई वापरायला लावते. एक सुई, एक सिरिंज आणि भोवती तीन-चार जण. सुई शिरेत गेली की थोडे रक्त सिरिंजमध्ये मागे येते. पहिल्याच्या रक्तात विषाणू असेल तर तो सरळ दुसऱ्याच्या रक्तात उतरतो.

हा प्रसार किती वेगाने होतो ते मणिपूरने दाखवले. भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ साली मद्रासमध्ये लागला. मणिपुरात सुईने हेरॉईन घेणाऱ्यांमध्ये तो १९८९ च्या अखेरीस आढळला आणि वर्षभराच्या आतच तपासलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक बाधित निघाले. आजची स्थितीही गंभीर आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅकोच्या २०२१ च्या पाहणीत देशातील सुईने नशा करणाऱ्यांमध्ये बाधितांचे प्रमाण सुमारे ९ टक्के आढळले. सर्वसाधारण प्रौढ लोकसंख्येत ते सुमारे ०.२ टक्के आहे. म्हणजे चाळीस पटींहून अधिक! केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात आणि त्यांची संख्या जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. एचआयव्हीबाधितांची एकूण संख्याही आपल्याच राज्यात सर्वाधिक आहे. २०२१ च्या अंदाजानुसार ती सुमारे ३ लाख ९४ हजार होती.

मित्रहो, या साऱ्यावर पहिला उपाय चाचणी आहे. एचआयव्हीची बाधा झाली तरी माणूस अनेक वर्षे धडधाकट दिसतो. त्याला ताप नसतो, खोकला नसतो. आपण बाधित आहोत हे त्यालाच माहीत नसते आणि नकळत तो सुईच्या सोबत्यांना, आपल्या पत्नीला आणि पत्नीमार्फत बाळाला विषाणू देतो. आर्यसत्यांची सुरुवातही दुःखाचे अस्तित्व मान्य करण्यापासून होते. जे आहे ते आहे असे मान्य केल्याशिवाय त्याचे कारण आणि त्याचा उपाय सापडत नाही.

पूर्वी लोक म्हणत, तपासून काय उपयोग, औषध कुठे आहे? १९९० च्या दशकात त्या म्हणण्यात तथ्य होते. आज नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून एआरटी औषधे मोफत मिळू लागली. आरंभीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१७ पासून तर बाधित आढळलेल्या प्रत्येकाला लगेच उपचार देण्याचे धोरण आहे, आजार बळावण्याची वाट पाहावी लागत नाही. औषधे नियमित घेतली की रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके कमी होते की ते तपासणीतही सापडत नाही, आणि अशा माणसाकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला बाधा होत नाही. म्हणजे एकाचा उपचार हे दुसऱ्याचे संरक्षण आहे.

चाचणी सोपी आणि मोफत आहे. जिल्हा रुग्णालयात आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी नावाचे केंद्र असते. तेथे समुपदेशक आधी बोलतो, संमती घेतो, मग रक्त तपासले जाते. पहिल्या चाचणीत काही आढळले तर वेगळ्या प्रकारच्या आणखी दोन चाचण्या करून खात्री केली जाते. एका चाचणीवरून कोणालाही बाधित ठरवत नाहीत. बाधा झाल्यानंतरचे काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत, चाचणीत दोष दिसत नाही, म्हणून धोका असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यायचे असते.

मग इतकी सोय असताना सुईने नशा करणारा माणूस तेथे का जात नाही? आपण त्याच्या जागी उभे राहून पाहू.

केंद्राची वेळ सकाळ ते दुपार. त्याची सकाळ उजाडते तीच टर्कीने, म्हणजे नशा उतरल्यावर होणाऱ्या यातनांनी. हाडे दुखतात, नाका-डोळ्यांतून पाणी येते, उलट्या होतात. त्या अवस्थेत तो केस पेपरच्या रांगेत तासभर उभा राहू शकत नाही. आधी पुडी मिळवणे हेच त्याचे काम असते. दुसरे असे की त्याच्याजवळ आधार कार्ड नसते, पत्ता नसतो. तिसरे, त्याच्या शिरा सुया टोचून टोचून कडक झालेल्या असतात. रक्त घ्यायला शीर सापडत नाही. तंत्रज्ञ वैतागतो, चारचौघांत बोलतो, आणि तो उठून निघून जातो. चौथे, पोलिसांची भीती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने नशा करणे हाच गुन्हा आहे. जो स्वतःहून उपचार घ्यायला जातो त्याला संरक्षण देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, पण ती त्याला कोण सांगणार? आणि पाचवे कारण सर्वांत मोठे. रुग्णालयातील नजर! त्या नजरेची आपल्या समाजाला चांगली ओळख आहे.

मी बँकेत कारकून आहे म्हणून एक उदाहरण माझ्या खात्यातले देतो. बँकांच्या शाखा वर्षानुवर्षे होत्या, दारे उघडी होती, तरी मजूर माणसाचे खाते नव्हते. त्याचा दिवस रोजंदारीत जायचा, कागदपत्रे नसायची आणि काउंटरवर बोलायची भीती वाटायची. त्याला बँक नको होती असे नव्हे. २०१४ साली जनधन योजना आली, शून्य शिलकीवर खाती उघडली गेली, बँक मित्र आपले यंत्र घेऊन गावात जाऊ लागला. तेव्हा तीच माणसे खातेदार झाली. चाचणीचेही असेच आहे. केंद्र उघडे ठेवले म्हणजे चाचणी उपलब्ध झाली असे होत नाही. ती माणसाच्या ठिकाणी, माणसाच्या वेळेला, माणसाच्या ओळखीच्या व्यक्तीमार्फत गेली पाहिजे.

आणि तशी ती जाऊ शकते. बोटाला टोचून घेतलेल्या एका थेंबावर प्राथमिक चाचणी अर्ध्या तासाच्या आत होते. शीर शोधावी लागत नाही. नॅकोच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांना वस्तीत जाऊन अशी प्राथमिक चाचणी करण्याची मुभा दिली आहे. दोष आढळला तर पक्क्या निदानासाठी त्या व्यक्तीला केंद्रात सोबत घेऊन जायचे. ‘सोबत’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. नुसती चिठ्ठी हातात दिली तर ती चिठ्ठी वाटेतच हरवते.

मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्था १९९० च्या दशकापासून रस्त्यावर राहणाऱ्या व्यसनी माणसांमध्ये हे काम करत आल्या आहेत. त्यांच्याशी बोलणे, जखमांची मलमपट्टी करणे, जुनी सुई घेऊन नवी देणे, चाचणीला आणि उपचाराला नेणे. त्याच्या जोडीला सरकारी ओएसटी केंद्रे आहेत. तेथे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी कर्मचाऱ्यांसमोर रोज जिभेखाली ठेवायला देतात. टर्की होत नाही, सुई सुटते, माणूस कामावर जाऊ लागतो. आणि जो रोज गोळीसाठी येतो त्याची एचआयव्हीची, कावीळ ‘सी’ची चाचणी तेथेच करून घेणे सोपे जाते. कावीळ ‘सी’ हाही सुईतूनच पसरणारा रोग आहे. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची औषधे मोफत मिळतात आणि साधारण बारा आठवड्यांत तो बरा होतो.

या कामात सर्वांत उपयोगी माणूस कोण ठरतो? जो स्वतः त्या वाटेने गेला आणि परत आला तो. सांगलीत १९९२ पासून संग्राम संस्थेने वेश्या व्यवसायातील स्त्रियांमध्ये काम केले, तेव्हा हाच अनुभव आला. निरोध वाटण्याचे आणि समजावण्याचे काम त्या स्त्रियांनीच हाती घेतले, पुढे १९९६ साली त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. बाहेरून आलेला उपदेशक जे करू शकत नाही ते आपल्यातले माणूस करते. हे बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्यांना मी वेगळे सांगायला नको.

आता एक इशारा. चाचणी वाढवायची म्हणजे पकडून तपासायचे, असा अर्थ कोणी काढू नये. तो मार्ग वापरून झाला आहे. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले होते. त्या रक्ताच्या तपासणीत बाधा आढळली. त्याला काहीही न सांगता १४ फेब्रुवारीला पोलिसांकरवी नेण्यात आले आणि जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले, कारण त्या वेळच्या गोव्याच्या आरोग्य कायद्यात बाधितांना अलग ठेवण्याची तरतूद होती. असे ऐकल्यावर कोणता शहाणा माणूस चाचणीला जाईल? डॉमिनिक पुढे बाधितांच्या हक्कांसाठी झटला आणि १९९२ साली गेला. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका मजुराच्या प्रकरणात निकाल दिला की, काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्या मजुराचे खरे नाव निकालात छापले गेले नाही, ही गोष्टही तितकीच मोलाची.

आज २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल फोडता येत नाही, नोकरी, शिक्षण, उपचार, घर यांत भेदभाव करता येत नाही. शिवाय सुई बदलून देणे, पर्यायी गोळी देणे यांसारखे धोका कमी करणारे उपाय गुन्हा मानले जाणार नाहीत, असेही त्यात म्हटले आहे. बँकेत आम्ही एकाची शिल्लक दुसऱ्याला सांगत नाही. सांगू लागलो तर उद्या कोणीही बँकेत पैसे ठेवणार नाही. चाचणीचा निकालही तसाच जपला पाहिजे. गुप्तता ही चाचणीची पत आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. आपले पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग नशा करणाऱ्याला नवी सुई देणाऱ्या, त्याच्या वस्तीत जाऊन त्याला तपासणाऱ्या कामाला हातभार लावणे म्हणजे शीलभंगाला साहाय्य नव्हे काय?

मला असे वाटते की शील आपण स्वतः पाळण्यासाठी घेतो. दुसऱ्याला मोजण्याची ती फूटपट्टी नव्हे. विषारी बाण लागलेल्या माणसाची उपमा आपण सर्वांनी ऐकली आहे. बाण कोणी मारला, तो कोणत्या कुळाचा, धनुष्य कशाचे, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असे तो म्हणत राहिला तर उत्तर मिळण्यापूर्वी मरून जाईल. आपणही असेच करतो. हा व्यसनी का झाला, चूक कोणाची, आधी व्यसन सोड मग तपासू, असे म्हणत बसतो, आणि तोवर विष रक्तात पसरते. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात १९८० च्या दशकात हेच घडले. सुया मिळू नयेत म्हणून औषध दुकानांवर दबाव आणला गेला. नशा थांबली नाही. लोक एकच सुई वापरू लागले आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तेथील निम्मे लोक बाधित निघाले.

दुसरी कथा विनयातील. एक भिक्षू अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी विचारले तेव्हा इतर भिक्षू म्हणाले की हा कोणाच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून आम्हीही त्याची सेवा केली नाही. बुद्धांनी आणि आनंदाने त्याला स्वतःच्या हाताने आंघोळ घातली, उचलून बिछान्यावर ठेवले. मग त्यांनी संघाला सांगितले की रुग्णाची सेवा ही माझीच सेवा समजा. तो भिक्षू गुणी होता, उपयोगी होता, म्हणून सेवा केली असे कथेत नाही. तो रुग्ण होता एवढेच कारण पुरेसे झाले.

बंधू-भगिनींनो, आपल्या वाडवडिलांसाठी हॉटेलात वेगळी कपबशी ठेवलेली असे. आज बाधित सुनेची ताट-वाटी वेगळी ठेवणारी घरे आपल्यातही असतील तर आपण काय शिकलो? जेवणाने, एका पेल्याने, हस्तांदोलनाने एचआयव्ही होत नाही. ज्याने बहिष्कार भोगला त्याने दुसऱ्याला बहिष्कृत करू नये.

आपली संस्था लहान आहे. तिने मुंबईसारखे केंद्र चालवावे असे मी सुचवत नाही. पण चार गोष्टी येथे बसून करता येतील. एक, १०९७ हा एड्सविषयक मोफत दूरध्वनी क्रमांक विहाराच्या फलकावर, वाचनालयात आणि वसतिगृहात लिहून ठेवावा. त्यावर नाव न सांगता माहिती मिळते. दोन, जिल्हा रुग्णालयातील समुपदेशकाला वर्षातून दोनदा येथे बोलवावे. ज्याची इच्छा असेल त्याने चाचणी करून घ्यावी आणि सुरुवात पदाधिकाऱ्यांनी करावी. सभ्य समजली जाणारी माणसे चाचणीला बसली की चाचणीला जाणे हा डाग राहत नाही. तीन, कामासाठी शहरात गेलेला मुलगा आजारी होऊन किंवा व्यसन घेऊन परत आला तर त्याला दोष देण्याआधी दोघांनी त्याच्यासोबत रुग्णालयात जावे. चार, त्याच्या पत्नीला विसरू नये. तिने कधी सुई पाहिलेलीही नसते, पण धोका तिलाही असतो, आणि ती गरोदर असेल तर वेळेवर चाचणी आणि औषध मिळाल्याने बाळ वाचू शकते. हे काम आपल्या महिला मंडळाइतके चांगले कोणी करू शकणार नाही.

विद्यार्थी मित्रांना एकच सांगतो. नशेपासून दूर राहा, हे तर सांगायलाच हवे. पण जो दूर राहू शकला नाही त्याला गर्दुल्ला म्हणू नका. त्याला नावाने हाक मारा. त्याच्या परतीची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

१ डिसेंबरला जागतिक एड्स दिन असतो आणि त्यानंतर पाचच दिवसांनी ६ डिसेंबरला आपण महापरिनिर्वाण दिनी बाबासाहेबांना अभिवादन करतो. या वर्षी पहिल्या तारखेला समुपदेशकाला बोलावण्याचा ठराव कार्यकारिणीने करावा, अशी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम, नमो बुद्धाय.